‘रक्त पातळ करणारी’ गोळी : एका विषाचा आणि एका मोजमापाचा इतिहास



दवाखान्यात, औषधाच्या दुकानात, घरात आपण सगळेच ‘रक्त पातळ करण्याची गोळी’ म्हणतो. इथे रायपूरला ‘खून पतला करने की दवा’ असा शब्द आहे. शब्द रुळलेला आहे, पण चुकीचा आहे. या गोळीने रक्त पातळ होत नाही. द्रवयांत्रिकीत आपण जिला श्यानता म्हणतो, ती गोळी घेण्याआधी जेवढी असते तेवढीच नंतरही राहते. बदलतो तो एकच गुण : रक्त गोठायला लागणारा वेळ. हा फरक केवळ शब्दाचा आहे असे कोणाला वाटेल, म्हणून आधी आमच्या घरात घडलेली गोष्ट सांगते.

मी इन्स्ट्रुमेंटेशन शिकवते, वैद्यक नाही. १९९९ साली मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होते. माझी मावशी रायपूरला राहायची. लहानपणी झालेल्या संधिवाताच्या तापाने तिच्या हृदयाची डावी झडप खराब झाली होती आणि मुंबईत शस्त्रक्रिया करून तिला धातूची झडप बसवली होती. तेव्हापासून रोज संध्याकाळी एक गोळी आणि महिन्याला रक्ताची एक तपासणी, हा तिचा नेम. त्या वर्षी ती दिवाळीला आमच्याकडे नागपूरला आली आणि तपासणी नागपुरातच करून घेतली. रायपूरच्या अहवालात दर महिन्याला २४-२५ सेकंद असायचे, इथे १८ आले. आम्ही सगळ्यांनी मिळून निष्कर्ष काढला की प्रवासात खाण्यापिण्यात बदल झाला, रक्त ‘घट्ट’ झाले. डॉक्टरांना फोन लागेना. मग घरच्या शहाण्या माणसांनी, आणि त्यात आकडे कळतात म्हणून मीही होते, अर्धी गोळी वाढवली. दुसऱ्या दिवशी काही झाले नाही, म्हणून आणखी अर्धी वाढवली. पाचव्या दिवशी दात घासताना रक्त थांबेना, आणि मांडीवर तळहाताएवढा काळानिळा डाग उमटला. मावशी म्हणाली, “अगं, मी कुठे आपटलेसुद्धा नाही.” रुग्णालयात ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले, तीन दिवस ठेवून घेतले, आणि ती वाचली.

चूक कोणत्याही प्रयोगशाळेची नव्हती. २४ सेकंद बरोबर होते आणि १८ सेकंदही बरोबर होते. ते का, हे मला पुढे पदव्युत्तर वर्गात अंशांकनाचा पेपर शिकताना कळले. त्या उत्तराचा इतिहास म्हणजे हा पाठ.

सडलेला चारा

या औषधाची सुरुवात माणसाच्या आजारातून नाही, गाईंच्या मृत्यूतून झाली. १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातल्या शेतकऱ्यांची जनावरे विचित्र रीतीने मरू लागली. शिंगे कापली, खच्चीकरण केले, साधा ओरखडा आला, तरी रक्त थांबत नसे. काही जनावरे बाहेर जखम नसताना आतल्या आत रक्तस्राव होऊन मरत. फ्रँक स्कोफील्ड या कॅनेडियन पशुवैद्याने कारण शोधले : ‘स्वीट क्लोव्हर’ नावाचे, मेथीघासासारखे चारापीक. ताजे खाल्ले तर काही होत नाही; ओले राहून बुरशी आली की ते विष बनते. सुक्या वर्षात शेतकरी असा चारा फेकून देत. पण मंदीचे दिवस होते, दुसरे वैरण घ्यायला पैसे नव्हते. पुढे नॉर्थ डकोटातल्या ली रॉडरिक यांनी दाखवले की अशा जनावरांच्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन हा गोठण्यासाठी लागणारा घटक कमी झालेला असतो.

१९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिन राज्यातला एड कार्लसन नावाचा शेतकरी हिमवादळातून सुमारे ३०० किलोमीटर गाडी चालवत मॅडिसनला आला. गाडीत एक मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त आणि सुमारे ४५ किलो सडलेला चारा होता. सुट्टीचा दिवस, सरकारी पशुवैद्याचे कार्यालय बंद. तो विद्यापीठात जे दार उघडे दिसले त्यात शिरला. ते दार रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेचे होते. लिंक यांनी त्याला सांगितले ते एवढेच, की हा चारा घालू नका. पण ते न गोठलेले रक्त त्यांच्या डोक्यातून गेले नाही. १९३९ मध्ये त्यांचे सहकारी हॅरॉल्ड कॅम्पबेल यांनी त्या चाऱ्यातून शुद्ध स्फटिक वेगळे केले. पदार्थाचे नाव डायकुमेरॉल. लवकरच माणसांवर त्याचे प्रयोग सुरू झाले.

त्याआधी रक्त गोठू न देणारे एक औषध सापडलेले होतेच. १९१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला जे मॅक्लीन हा वैद्यकाचा विद्यार्थी, म्हणजे तुमच्याच वयाचा, रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता आणि त्याच्या हाती नेमका उलटा पदार्थ लागला. त्याचे गुरू विल्यम हॉवेल यांनी यकृतावरून त्याला हेपारिन असे नाव दिले. पण हेपारिन सुईनेच द्यावे लागते. तोंडाने घेता येईल असे औषध सडलेल्या चाऱ्यानेच दिले.

पुढचे वळण आणखी विलक्षण आहे. १९४५ मध्ये लिंक क्षयाच्या आजाराने आरोग्यधामात पडून होते. तिथे वाचता वाचता त्यांना सुचले, की यातलेच एखादे तीव्र संयुग उंदीर मारायला चालेल. त्यांच्याकडच्या यादीतले ४२ क्रमांकाचे संयुग निवडले गेले, १९४८ मध्ये उंदराचे विष म्हणून बाजारात आले, आणि संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या ‘विस्कॉन्सिन अॅल्युम्नाय रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला वॉरफरिन हे नाव मिळाले. १९५१ मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या एका तरुणाने आत्महत्येसाठी हेच विष अनेक दिवस खाल्ले. ‘के’ जीवनसत्त्व आणि रक्त देऊन तो बरा झाला. डॉक्टरांनी यातून दोन गोष्टी ताडल्या : हे संयुग माणसात चांगले काम करते, आणि त्याला उतारा आहे. १९५४ मध्ये ते औषध म्हणून मान्य झाले. १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या अध्यक्ष आयझेनहॉवर यांना दिले गेले. उंदराचे विष राष्ट्राध्यक्षाला, अशी कुजबूज तेव्हा झाली असणारच.

उतारा ‘के’ जीवनसत्त्वच का? कोपनहेगनच्या हेन्रिक डाम यांनी १९२९ पासून कोंबडीच्या पिलांवर प्रयोग करून दाखवले होते, की आहारात एक विशिष्ट पदार्थ नसेल तर रक्त गोठत नाही. ‘कोआग्युलेशन’ या शब्दाचे पहिले अक्षर म्हणून ‘के’. १९४३ चे नोबेल डाम आणि एडवर्ड डॉइझी यांना मिळाले. आपले यकृत या जीवनसत्त्वाच्या मदतीने गोठण्याचे चार घटक तयार करते. वॉरफरिन आणि भारतात जास्त वापरले जाणारे त्याचे भावंड असेनोकुमेरॉल या मदतीत अडथळा आणतात. म्हणजे गोळी रक्तात आधीपासून असलेल्या घटकांना हात लावत नाही. ती फक्त नवा माल कमी करते. जुना साठा आपल्या गतीने संपतो. सातव्या क्रमांकाचा घटक काही तासांत निम्मा होतो, प्रोथ्रॉम्बिनला निम्मे व्हायला अडीच-तीन दिवस लागतात.

नियंत्रण प्रणाली शिकलेल्यांना इथे ओळखीचे काहीतरी दिसेल. आदान आज बदलले, प्रदान दोन-तीन दिवसांनी बदलणार. अशा विलंब असलेल्या प्रणालीत रोज पाहून रोज हात फिरवणारा माणूस हमखास पलीकडे जातो. गिझरचे पाणी गरम येईना म्हणून नळ पिरगाळत राहायचे आणि मग एकदम चटका बसायचा, तसेच हे. आम्ही दुसऱ्या दिवशी ‘काही झाले नाही’ म्हणून आणखी अर्धी गोळी वाढवली, ती हीच चूक. ‘रक्त पातळ’ या शब्दाने आमच्या मनात चित्र उभे केले होते ते वरणात पाणी घालण्याचे, आणि पाणी घातले की वरण लगेच पातळ होते.

सेकंद कोणाचे?

आता १८ आणि २४ च्या कोड्याकडे येऊ. १९३५ मध्ये आर्मंड क्विक यांनी प्रोथ्रॉम्बिन टाइम ही चाचणी मांडली. गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेले रक्त घ्यायचे, त्यातल्या पेशी बाजूला काढायच्या, उरलेल्या द्रवात थ्रॉम्बोप्लास्टिन नावाचा पदार्थ आणि कॅल्शियम घालायचे आणि गोठेपर्यंत सेकंद मोजायचे. निरोगी माणसात साधारण १२ सेकंद. कल्पना सोपी, खर्च कमी. म्हणूनच ती जगभर गेली.

घोळ होता थ्रॉम्बोप्लास्टिनमध्ये. हा पदार्थ प्राण्यांच्या ऊतींतून काढलेला. अमेरिकेत सशाच्या मेंदूपासून, इंग्लंडात मँचेस्टरच्या लिऑन पोलर यांच्या प्रयोगशाळेत मानवी मेंदूपासून. दोन्हींची संवेदनशीलता वेगळी. अमेरिकेत नंतर वापरात आलेली रसायने मंद संवेदनेची होती : तेच रक्त त्यांत लवकर गोठे. त्यामुळे अमेरिकी डॉक्टरांना पुस्तकातला आकडा गाठण्यासाठी गोळी वाढवावी लागे. अटलांटिकच्या दोन किनाऱ्यांवर तोच आजार, तेच औषध, तोच आकडा, पण डोस वेगळा, आणि जास्त डोसच्या बाजूला रक्तस्रावही जास्त. वर्षानुवर्षे हे चालले, कारण प्रत्येक प्रयोगशाळेचा आकडा तिच्या स्वतःच्या घरात सुसंगत होता. मोजपट्टीच वेगळी आहे हे घरात बसून कळत नाही.

१९८२ मध्ये हल आणि सहकाऱ्यांनी पायाच्या खोल शिरेत गुठळी झालेल्या ९६ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाचा डोस सशाच्या रसायनावर ठरवला, दुसऱ्याचा मँचेस्टरच्या रसायनावर. गुठळी पुन्हा होण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच कमी राहिले. रक्तस्राव मात्र पहिल्या गटात २२ टक्के रुग्णांना झाला, दुसऱ्यात ४ टक्के. औषध एकच होते. फरक मोजपट्टीचा होता. औषधाच्या सुरक्षिततेवर अनेक निबंध मी चाळले आहेत, पण अंशांकनाचे महत्त्व याहून उघडे करून दाखवणारा प्रयोग माझ्या पाहण्यात नाही.

१९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने उपाय स्वीकारला. प्रत्येक थ्रॉम्बोप्लास्टिनची एका आंतरराष्ट्रीय संदर्भ नमुन्याशी तुलना करायची आणि त्याला संवेदनशीलतेचा एक निर्देशांक द्यायचा, तो आयएसआय. मग रुग्णाचे सेकंद भागिले निरोगी माणसांचे सरासरी सेकंद, या गुणोत्तराचा आयएसआय इतका घात काढायचा. येणारा आकडा म्हणजे आयएनआर. समजा रुग्णाचे २४ सेकंद, सामान्य १२, गुणोत्तर २. रसायनाचा आयएसआय १ असेल तर आयएनआर २. आयएसआय २ असेल तर तेच गुणोत्तर असून आयएनआर ४. पहिला आकडा बहुतेक रुग्णांसाठी सुरक्षित पट्ट्यात येतो, दुसरा रक्तस्रावाच्या वाटेवर.

मावशीच्या नागपूरच्या कागदावर १८ सेकंदांखाली बारीक अक्षरात आयएनआर छापलेला होता. तो तिच्या नेहमीच्या पट्ट्यातलाच होता. आम्ही तो वाचलाच नाही. सेकंद मोठ्या ठळक अक्षरात होते ना!

झडप आपली, तपासणी कोणाची?

पाश्चात्त्य देशांत ही गोळी घेणारे बहुतेक लोक वयस्कर असतात. आपल्याकडे चित्र वेगळे आहे. लहानपणी घसा दुखतो, जंतूंवर नीट उपचार होत नाहीत, संधिवाताचा ताप येतो आणि काही वर्षांनी हृदयाची झडप आकसते किंवा गळू लागते. दाट वस्तीची, गरिबीची ही देणगी. म्हणून आपल्याकडे कृत्रिम झडप बसवलेली माणसे विशी-तिशीतली असतात. तुमच्या वर्गातही एखादे असू शकते. कान देऊन ऐकले तर शांत खोलीत त्या झडपेची टिकटिक येते.

१९६० मध्ये अमेरिकेत अल्बर्ट स्टार हे शल्यचिकित्सक आणि लोवेल एडवर्ड्स हे अभियंता यांनी पिंजऱ्यातल्या चेंडूसारखी झडप यशस्वी केली. पुढे झुकणाऱ्या चकतीच्या झडपा आल्या. त्या आयात कराव्या लागत आणि सामान्य भारतीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होत्या. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांनी स्वदेशी झडपेचा ध्यास घेतला आणि जी. एस. भुवनेश्वर यांच्यासारखे अभियंते त्यात उतरले. पहिले नमुने फसले : कुठे वेल्डिंगचा जोड, कुठे झीज, कुठे कृत्रिम नीलमण्याची चकती तडकली. हृदय वर्षाला पावणेचार कोटी वेळा धडधडते हे लक्षात घ्या, म्हणजे थकवा चाचणी म्हणजे काय ते कळेल. शेवटी कोबाल्टच्या मिश्रधातूची चौकट आणि अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलीनची चकती ही जोडी टिकली. ६ डिसेंबर १९९० रोजी ही चित्रा झडप पहिल्यांदा माणसाला बसवली गेली. आजवर ती एक लाखाहून अधिक रुग्णांपर्यंत पोहोचली आहे.

अभियंता म्हणून मला या कथेचा अभिमान आहे. पण तिचा अर्धा भाग सांगितला जात नाही. रक्ताला परकी वस्तू दिसली की ते गोठू पाहते. म्हणून यांत्रिक झडप कितीही उत्तम असली तरी गोळी जन्मभर लागते, आणि गोळी म्हणजे आयएनआर. झडप एकदाच बसवायची असते, तपासणी शेकडो वेळा. बस्तर किंवा सरगुज्यातल्या एखाद्या गावातून तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे, म्हणजे भाडे, दिवसाची मजुरी आणि कधीकधी मुक्काम. रायपूरमध्ये २०१२ पासून एम्स आहे, जुने वैद्यकीय महाविद्यालय आहे. शस्त्रक्रियेसाठी मुंबई-नागपूर गाठण्याची वेळ आता पूर्वीसारखी येत नाही. शस्त्रक्रियेचे अंतर कमी झाले तितके महिन्याच्या तपासणीचे झालेले नाही. पैसे आणि दिवस वाचवायला लोक तपासणी टाळतात. काही जण तर बरे वाटते म्हणून गोळीच सोडतात. मग झडपेवर गुठळी बसते आणि चकती अडकते.

यावर कोणी विचारेल, नव्या गोळ्या आल्या आहेत ना, ज्यांना तपासणी लागत नाही? डाबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, अपिक्साबान ही नावे २०१० नंतर सर्वत्र ऐकू येऊ लागली आणि पुष्कळ रुग्णांना त्यांचा खरा फायदा झाला. पण यांत्रिक झडपेच्या रुग्णांवर डाबिगाट्रानची चाचणी मध्येच थांबवावी लागली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत गुठळ्याही जास्त होत्या आणि रक्तस्रावही. २०२२ मध्ये इन्व्हिक्टस ही मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात भारतासह अनेक देशांतले, संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेले आणि हृदयाचे ठोके अनियमित झालेले रुग्ण होते. रिव्हारोक्साबानपेक्षा जुन्याच प्रकारच्या गोळीवर मृत्यू कमी झाले. म्हणून शेजाऱ्याला नवी गोळी चालते म्हणून आपणही बदलू, हे इथे चालत नाही. सडलेल्या चाऱ्याचे औषध अजून निवृत्त झालेले नाही.

घरातला भाग

मावशी त्या प्रसंगानंतर २० वर्षे जगली, आणि तिच्या वहीमुळे जगली असे मी म्हणते. साधी शंभर पानी वही. तारीख, गोळी किती मिलिग्रॅमची, आयएनआर, प्रयोगशाळा, आणि एक रकाना ‘काय वेगळे झाले’ असा. हा शेवटचा रकाना सर्वांत उपयोगी ठरला. असेनोकुमेरॉलच्या १, २, ३, ४ मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात आणि पाकिटे सारखीच दिसतात. दुकानदाराने एकाच्या जागी दुसरे दिले तर डोस दुप्पट होतो. तिने ते दोनदा वहीमुळेच पकडले. गोळीची वेळ ठरलेली. विसरलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायच्या नाहीत, आणि विसरल्याची नोंद मात्र वहीत करायची.

छत्तीसगढात भाज्यांचा विषय निघणारच. इथे लाल भाजी, चेच, चरोटा, मुनग्याचा पाला, हरभऱ्याचा पाला, अशा पालेभाज्या इतक्या की लोक ३६ गड तशा ३६ भाज्या म्हणतात. हिरव्या पाल्यात ‘के’ जीवनसत्त्व असते, म्हणून अनेकांना ‘भाजी बंद’ असे सांगितले जाते. गरिबाच्या ताटातली सर्वांत पौष्टिक वस्तू अशी काढून घेणे मला पटत नाही, आणि त्याची गरजही नाही. हवे असते ते सातत्य. उन्हाळ्यात महिनाभर भाजी नाही आणि पाऊस पडताच रोज दोन वेळा, असे झाले की आयएनआर खाली येतो. आठवड्याला साधारण सारखी भाजी खायची आणि डोस तिच्याभोवती डॉक्टरांनी बसवायचा.

औषधांचे तसे नाही, तिथे खरी भीती आहे. डोके दुखले, गुडघे दुखले म्हणून दुकानातून घेतलेली अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक पोटात रक्तस्राव घडवू शकते. जुलाबावर सर्रास घेतले जाणारे मेट्रोनिडाझोल आणि बुरशीवरचे फ्लुकोनाझोल आयएनआर चढवतात. क्षयावरचे रिफाम्पिसिन उलट तो खाली ओढते, आणि ते थांबवले की तोच डोस एकाएकी जास्त ठरतो. आपल्या देशात हे दोन आजार एकाच माणसात भेटणे दुर्मीळ नाही. गावातल्या विनापदवी डॉक्टरकडून तापासाठी दंडात किंवा कमरेत टोचून घेतलेले इंजेक्शन स्नायूत रक्त साचवते. दात काढायचा असेल तर गोळी चालू आहे हे दंतवैद्याला आधी सांगायचे, पण आपल्या मनाने बंद करायची नाही. ही गोळी घेणाऱ्या तरुणीने गर्भधारणेचा विचार करण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलायला हवे, कारण पहिल्या तीन महिन्यांत ती गर्भाला इजा करू शकते. आणि भीतीने अचानक बंद केली तर झडप अडकून आईच्या जिवावर बेतते. काळी डांबरासारखी शौच, लाल लघवी, न थांबणारा घोळणा, किंवा डोक्याला मार लागणे, मग बाहेर जखम नसली तरी, यातले काहीही झाले तर पुढच्या तपासणीची तारीख पाहत बसायचे नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे.

मी दर वर्षी अंशांकनाच्या पहिल्या तासाला मावशीच्या वहीची एक झेरॉक्स वर्गात फिरवते. १९९९ च्या नोव्हेंबरचे पान. शेवटच्या रकान्यात तिच्या तिरप्या अक्षरात लिहिले आहे : ‘लॅब बदलली.’ त्याखाली दुसऱ्या शाईत, बहुधा रुग्णालयातून परतल्यावर : ‘मुलांनी गोळी वाढवली.’